कॉपी झाली, फॉरमॅट मार

सांगली, मे २०१८. लग्नाच्या शूटिंगच्या धंद्यात मे महिना तसाही अंगावर येतो. त्या वर्षी १६ मेपासून अधिक ज्येष्ठ लागत होता, म्हणजे पुढं महिनाभर मुहूर्त नाहीत. ज्यांची लग्नं ठरली होती त्या सगळ्यांना ती पहिल्या पंधरवड्यातच उरकायची होती. माझ्याकडं पाच दिवसांत चार लग्नं होती. माणसं दोन, मी आणि मावसभाऊ. कॅमेरे दोन. कॉम्प्युटर एक.

ही त्यातल्या एका रात्रीची नोंद. फोनमधल्या कॉलच्या वेळा आणि फाइलींवरच्या वेळा जुळवून मागाहून लिहिलेली. त्यामुळं प्रत्येक वेळेपुढं किती अवधी उरला होता ते आज मांडता येतं. त्या रात्री मला फक्त झोप कधी मिळणार एवढंच मोजायचं होतं.

संध्याकाळी ६.४० (उरले १४ तास १२ मिनिटं)

लग्नाहून परत आलो. बॅग टेबलावर टाकली आणि ६४ जीबीची दोन्ही मेमरी कार्डं काढून स्टीलच्या वाटीत ठेवली. ही वाटी कार्डांसाठीच. वर पत्रा असलेली खोली दिवसभर तापलेली; भिंतीवरच्या तापमापीत ३७.

कामं तीन होती. आधीच्या लग्नाची पूर्ण फिल्म रेंडर करायची, पाच तास. आजच्या लग्नाची तीन मिनिटांची हायलाइट उद्या सकाळी ११ च्या आत द्यायची, कारण सत्यनारायणाच्या पूजेला जमलेल्या पाहुण्यांना ती टीव्हीवर दाखवायची होती. मुलीचे वडील निघताना म्हणाले होते, "अंतरपाटाचं तेवढं नीट घ्या. मुलगी हसली होती बघा." तिसरं काम म्हणजे कार्डं मोकळी करायची. पहाटे मावसभाऊ तीच घेऊन जतला दुसऱ्या लग्नाला निघणार होता.

कॉम्प्युटर खिशाला परवडेल तेवढाच: रायझन ३ १२०० प्रोसेसर, बी३५० चिपसेटचा त्यातल्या त्यात स्वस्त मदरबोर्ड, आठ-आठ जीबीच्या दोन रॅम, विंडोजसाठी छोटी एसएसडी, कामासाठी मोठी हार्ड डिस्क. एएमडीनं हा प्रोसेसर जुलै २०१७ मध्ये अमेरिकेत १०९ डॉलरला बाजारात आणला. चार कोअर, मूळ वेग ३.१ गिगाहर्ट्झ. रेंडरसारख्या कामात चारही कोअर जुंपले की तो एवढ्याच वेगानं चालतो.

३.१ चे ३.९ झाले तर पाच तासांचे चार होतात. एक तास झोप. त्या दिवशी मला तो आकडा फार मोठा वाटला.

रात्री ७.३० (उरले १३ तास २२ मिनिटं)

जेवता जेवता फोनवर व्हिडिओ लावला. हुडी घातलेला एक माणूस हाच प्रोसेसर ३.९ वर नेऊन दाखवत होता. दहा मिनिटांत काम फत्ते.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे प्रोसेसरला कंपनीनं नेमून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं. एकाच चकतीतून कापलेल्या चिप सारख्या निघत नाहीत. पण खोक्यावर आकडा एकच छापायचा असतो. म्हणून कंपनी असा आकडा छापते, जो त्यातल्या कमजोर चिपलाही झेपेल आणि तापलेल्या खोलीतही टिकेल. आपली चिप त्याहून बरी असली, खोली गार असली, तर मधलं अंतर आपलं. ती तापलेली खोली म्हणजे माझीच खोली, हे ताटावर बसून सुचलं नाही. व्हिडिओतला माणूस हुडी घालून बसला होता, हे दिसत असूनही सुचलं नाही.

स्वस्त चिपमधून महागडीचं काम काढण्याची हौस जुनी आहे. इंटेलनं ऑगस्ट १९९८ मध्ये सेलेरॉन ३००ए काढला. बोर्डच्या बसचा वेग गुणिले गुणक म्हणजे प्रोसेसरचा वेग, आणि हा ४.५ या गुणकाला बांधलेला होता. ६६ मेगाहर्ट्झच्या बसवर ३०० व्हायचे. बस १०० वर नेली की ४५०. स्वस्तातला सेलेरॉन तेव्हाच्या सगळ्यात महागड्या पेंटियम टूच्या बरोबरीनं धावायचा. त्या गोष्टीतली दुसरी बाजू मात्र कमी सांगितली जाते. बस बरोबर १०० वर नेली तर बोर्ड हार्ड डिस्कच्या बाजूचा पीसीआय मार्ग तिनानं भागून त्याच्या ठरलेल्या ३३ मेगाहर्ट्झवर ठेवायचा. पण चिप १०० ला दाद देईना म्हणून कुणी मधेच ८३ वर थांबलं, तर भागाकार दोननंच व्हायचा आणि तो मार्ग ४१ च्या वर जायचा. प्रोसेसर मजेत चालायचा आणि डिस्कवरच्या फाइली खराब व्हायच्या. एकाला पळवताना बाकीचे आपापल्या चालीनं चालू राहिले, तरच ते पळवणं निभतं. त्या रात्रीची माझी सगळी गोष्ट याच वाक्यात होती आणि ती मला आधीपासून ठाऊक होती.

रात्री ८.०५ (उरले १२ तास ४७ मिनिटं)

मशीन सुरू करताना डिलीट दाबून बायोसमध्ये शिरलो. या रायझनचा गुणक मोकळा असतो. बी३५० आणि एक्स३७० बोर्डांवर तो बदलता येतो, ए३२० वर नाही. गुणक ३१ चा ३९ केला. व्होल्टेज आपोआपवरून काढून १.४ वर बांधलं. तिथंच एक्सएमपी असा पर्याय दिसला. रॅमच्या पाकिटावर ३००० छापलेलं होतं आणि बोर्ड तिला २१३३ वर चालवत होता. म्हटलं, पैसे ३००० चे मोजलेत. तेही चालू केलं.

एका दमात तीन बदल. पहिली चूक ही. तीन गोष्टी एकदम हलवल्या की पुढं बिघाड झाला तर तिघांपैकी कुणाची कॉलर धरायची ते कळत नाही. त्यात एक्सएमपी हे नाव असं आहे की ती सोय वाटते. खरं तर तेही ओव्हरक्लॉकिंगच. या प्रोसेसरसाठी एएमडीनं मान्य केलेला रॅमचा वेग २६६६ पर्यंतचा. त्यापुढं रॅम चालेलही, पण प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर चालेल याची हमी पाकीट देत नाही.

उष्णतेचा हिशेब वहीच्या कोपऱ्यात मावतो. वेग जेवढ्या पटीनं वाढतो तेवढ्या पटीनं उष्णता वाढते, आणि व्होल्टेज जेवढ्या पटीनं वाढतं त्याच्या वर्गानं. ३.१ चे ३.९ म्हणजे सव्वापट. १.२ चे १.४ म्हणजे वर्ग करून १.३६. दोन्हींचा गुणाकार १.७ च्या आसपास. सव्वापट काम, पावणेदोन पटीच्या जवळपास ताप.

मशीन चालू झाली. विंडोजचं चित्र आलं. मी टेबलावर थाप मारली.

रात्री ८.५० (उरले १२ तास २ मिनिटं)

व्हिडिओत सांगितलं होतं म्हणून प्राइम९५ चालवलं. हा प्रोग्राम मुळात प्रचंड मोठ्या मूळ संख्या शोधण्यासाठी लिहिलेला. त्याच वर्षी जानेवारीत त्याच्या साहाय्यानं सापडलेली २ कोटी ३२ लाखांहून जास्त अंकी संख्या जाहीर झाली होती. प्रोसेसरची कसोटी घ्यायला तो चांगला, कारण तो स्वतःचं उत्तर तपासत असतो. आकडेमोड दशांशात होते, पण शेवटी प्रत्येक उत्तर पूर्णांकाच्या अगदी जवळ पडायला हवं. ते पूर्णांकापासून ०.४ हून दूर गेलं की प्रोग्राम समजतो, यंत्र हिशेब चुकलं.

चार कोअरचे चार कामगार. नवव्या मिनिटाला तिसरा थांबला. त्याच्या खिडकीत ओळ उमटली: फेटल एरर, राउंडिंग ०.५, अपेक्षा ०.४ पेक्षा कमी. खाली: हार्डवेअर फेल्युअर. बाकीचे तिघं चालूच होते. माऊस हलत होता. बाजूच्या खिडकीत गाणं वाजत होतं.

आज मला त्या रात्रीतलं सगळ्यात जास्त काही आठवत असेल तर ते हे गाणं. माझी मशीन खोटं बोलतेय असं दुसरी मशीन नव्हे, तीच मशीन लिहून देत होती, आणि तरी गाणं एकदाही अडखळलं नाही. माझ्या डोक्यात बिघाड म्हणजे धूर, वास, काळा पडदा. हिशेबातली चूक दिसत नाही, ऐकू येत नाही. ती पुढं कुठंतरी कागदावर उतरते तेव्हा कळते.

मी खिडकी बंद केली. गुणक ३९ चा ३८ केला. प्राइम९५ पुन्हा लावायला वेळ नव्हता म्हणून सिनेबेंच या वेग मोजणाऱ्या प्रोग्रामच्या तीन फेऱ्या मारल्या. आकडा आला, झालं. रॅमला हात लावला नाही. चूक प्रोसेसरची की रॅमची, हा प्रश्नच पडला नाही.

प्रोसेसर ८४ अंशांवर. त्याची मर्यादा ९५, म्हणून मी निर्धास्त. पण पंखा खोलीपेक्षा गार हवा कुठून आणणार? ८४ मधून ३७ वजा केले तर ४७ उरतात. तेच ४७ एकवीस अंशांच्या खोलीत ६८ दाखवतात, आणि व्हिडिओत ६८ च दिसत होते.

आणखी एक जागा होती जिथं कुठलाच आकडा दिसत नव्हता. प्रोसेसरला वीज पुरवणारा बोर्डवरचा भाग, व्हीआरएम. प्रोसेसरबरोबर फुकट आलेला बुटका पंखा वरून खाली वारा टाकतो, त्यातला थोडा या भागावरही पडतो. मी महिन्यापूर्वी तो काढून उंच टॉवर कूलर बसवला होता, त्याचा वारा आडवा जातो. माझ्या बोर्डवर या भागाला ॲल्युमिनियमची पट्टीही नव्हती. कॅबिनेटचं झाकण काढून एका कॉइलला बोट लावलं आणि तव्याला लागावं तसं मागं घेतलं. बोट तोंडात घातलं. झाकण उघडंच ठेवलं. इलाज एवढाच.

रात्री ९.४५ (उरले ११ तास ७ मिनिटं)

कार्डं हार्ड डिस्कवर घेतली. पहिल्या कार्डावर ११७ फाइली, दुसऱ्यावर ९७. हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडं सरकली. मग तेच फोल्डर डिस्कवरून बाहेरच्या डिस्कवर. दोन प्रती झाल्या. दोन्हीकडं फोल्डरचा आकार बघितला, बाइटपर्यंत जुळला.

इथं जरा थांबायला हवं, कारण अनर्थ इथंच शिजला. कार्डावरची फाइल थेट डिस्कवर जात नाही. ती आधी रॅममध्ये येते आणि तिथून उतरते. रॅम तिच्या ताकदीबाहेर पळत असेल तर कोट्यवधी बिटांतला एखादा शून्याचा एक होतो. सर्व्हरमध्ये असली चूक पकडणारी ईसीसी रॅम असते. घरगुती रॅममध्ये ती सोय नसते. विंडोजची एनटीएफएस व्यवस्था फाइलीच्या मजकुराची पडताळणी ठेवत नाही. डिस्क बिचारी प्रामाणिक, मिळालं तेच चोख लिहून ठेवते. फाइलीचा आकार बदलत नाही, कारण बिट हरवलेला नसतो, उलटलेला असतो. शंभर पानांच्या वहीत एक अक्षर बदललं म्हणून पानं नव्याण्णव होत नाहीत.

आणि दुसरी प्रत मी कार्डावरून घेतलीच नव्हती. ती पहिल्या प्रतीची झेरॉक्स होती.

रात्री ११.३० (उरले ९ तास २२ मिनिटं)

रेंडर लावून वीस मिनिटं झाली आणि निळा पडदा. खाली कारण लिहिलेलं: मेमरी मॅनेजमेंट. मेमरी हा शब्द ठसठशीत होता. मी बायोसमध्ये जाऊन प्रोसेसरचं व्होल्टेज वाढवलं, १.४२५. पोट दुखतंय म्हणणाऱ्याच्या डोक्याला बाम चोळला.

११.४५ ला रेंडर पुन्हा लावला. या वेळी चालला.

रात्री १.१५ (उरले ७ तास ३७ मिनिटं)

आई पाणी प्यायला उठली. उघडं कॅबिनेट बघून म्हणाली, "त्याचं पोट का फाडलंय?" म्हटलं, वारा लागायला. "त्याला वारा घालतोयस, तू कधी झोपायचास?" झोपलो नाही.

पहाटे ३.५० (उरले ५ तास २ मिनिटं)

फिल्म तयार. चार तास पाच मिनिटं. वेळ वाचला पंचावन्न मिनिटं. मी त्या आकड्याचा फोटो काढून मावसभावाला पाठवला.

पहाटे ५.३० (उरले ३ तास २२ मिनिटं)

तो आला. गाडी चालूच ठेवून दारातूनच विचारलं, "दादा, कार्डं मोकळी हायत न्हवं?"

मी पाच-सहा क्लिप इकडून तिकडून उघडून बघितल्या होत्या. प्रत्येकीची पहिली काही सेकंदं. सगळ्या नीट.

"कॉपी झाली. फॉरमॅट मार."

त्यानं वाटीतली कार्डं उचलली. एक कॅमेऱ्यात घालून तिथंच फॉरमॅट केलं, मग दुसरं. दुसरं खिशात, जादा म्हणून. तो एकच कॅमेरा घेऊन निघाला, दुसरा मला हायलाइटबरोबर पूजेच्या घरी न्यायचा होता.

फॉरमॅट म्हणजे पुसणं नव्हे. कॅमेरा फक्त अनुक्रमणिका फाडतो; पानं तशीच असतात, त्यांवर नवं काही लिहीपर्यंत. म्हणजे साडेपाचला काहीच गेलं नव्हतं. जतच्या रस्त्यावर, शर्टाच्या खिशात आणि बॅगेत, कालचं अख्खं लग्न धडधाकट होतं.

सकाळी ७.१० (उरला १ तास ४२ मिनिटं)

दोन तास झोपायचं ठरवलं होतं, दीड झोपलो. हायलाइटला बसलो. अंतरपाटाची क्लिप ओढून घेतली. मंगलाष्टकं संपतात, भटजींचा हात वर जातो, पाट खाली यायला लागतो आणि पडदा हिरवा होतो. चौकोनी ठिगळं. मुलीच्या चेहऱ्याच्या जागी कुंकवाचा ठिपका तेवढा एका चौकोनात अडकलेला. मग क्लिप गोठते.

कॅमेरा प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाही. अधूनमधून एक पूर्ण चित्र आणि मधल्या चित्रांत फक्त झालेला बदल. म्हणून एक बिट बिघडला तर डाग पुढच्या पूर्ण चित्रापर्यंत पसरत जातो. अर्ध्या सेकंदात सावरतो बहुतेक वेळा. बिघडलेला बिट फाइलीच्या अनुक्रमणिकेत असेल तर मात्र पुढचं काही उघडतच नाही.

मी म्हटलं, सॉफ्टवेअर अडकलं. बंद करून पुन्हा उघडलं. मग दुसऱ्या प्लेअरमध्ये. मग ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर नवा टाकायला घेतला. दीड तास मी प्रत्येकावर संशय घेतला, फक्त रात्री लेखी कबुली देऊन गेलेल्याला सोडून. या दीड तासात एक फोन केला असता तर पुढचं काही घडलं नसतं.

सकाळी ८.५२ (शून्य)

जत. मांडवाच्या दारात मावसभावानं कॅमेरा डोळ्याला लावला आणि लाल बटण दाबलं. सनई, रांगोळी, दारात उभ्या करवल्या. पहिली क्लिप.

ही वेळ त्या क्लिपवर आहे म्हणून ठाऊक. त्या क्षणी मी सांगलीत चहा गाळत होतो.

सकाळी ९.२० (अधिक २८ मिनिटं)

बाहेरच्या डिस्कवरची प्रत उघडली. तोच हिरवा चौकोन, तिथंच. तेव्हा पोटात खड्डा पडला. बायोसमध्ये गेलो, सगळं मूळपदावर आणलं आणि दोन्ही प्रतींच्या प्रत्येक फाइलीचा हॅश काढला. हॅश म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून निघणारा ठसा. एक बिट बदलला तरी ठसा सगळाच बदलतो. २१४ पैकी ९ फाइलींचे ठसे दोन प्रतींत वेगळे. अंतरपाटाची फाइल त्या नऊत नव्हती. ती दोन्हीकडं तंतोतंत सारखी होती, म्हणजे दोन्हीकडं सारखीच चुकलेली.

मावसभावाला फोन. उचलला नाही. लग्नात तो फोन मुका करून ठेवतो; तशी सक्त ताकीद मीच दिलेली. जत इथून दोन तासांवर. आगाऊ रकमेच्या पावतीवरचा जतच्या वधुपित्याचा नंबर लावला. मुलीच्या लग्नाच्या सकाळी बाप कुणाचा फोन घेतो?

११ वाजता अंतरपाटाशिवायची दोन मिनिटांची हायलाइट घेऊन पूजेला गेलो. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. वडिलांनी टाळी वाजवली नाही. ते पुढच्या दृश्याची वाट बघत पडद्याकडं बघत राहिले.

दुपारी १२.४० ला मावसभावाचा फोन आला. "तेवीस मिस कॉल? आजीला काय झालं व्हय?"

"कॅमेऱ्यातलं कार्ड आत्ता काढ. खिशातलं घालू नकोस."

"दादा, मुहूर्त आत्ताच लागला. अंतरपाट झाला की माझा."

विधींचा क्रम सगळीकडं तोच. सकाळपासून त्यानं साधारण तेवढंच चित्रण केलं होतं जेवढं आम्ही आदल्या दिवशी मुहूर्तापर्यंत केलं होतं. फॉरमॅट केलेल्या कार्डावर कॅमेरा सुरुवातीपासून लिहीत जातो. त्यांच्या अंतरपाटानं आमच्या अंतरपाटाची जागा घेतली होती.

रात्री १०.००

प्रोसेसर मूळ वेगावर. आधी रॅम तपासणारी मेमटेस्ट चालवली. एक्सएमपी पुन्हा चालू करून पहिल्याच फेरीत लाल ओळी. एक्सएमपी बंद करून चार फेऱ्या स्वच्छ. प्रोसेसर ३.८ वर कदाचित टिकलाही असता. खोटं रॅम बोलत होती.

मग फोटोरेक या मोफत प्रोग्रामनं खिशातलं कार्ड खरवडलं. ९७ च्या ९७ फाइली परत आल्या. त्यांचे ठसे माझ्या प्रतीशी ताडले, तर सहा वेगळे. शंभरात सहा. मी सकाळी पाच-सहाच क्लिप उघडल्या होत्या, आणि त्याही वरवर.

पहिल्या कार्डावरून मुहूर्तानंतरचं सगळं मिळालं. आधीचं नाही. आधीच्यातलं बरंचसं माझ्या प्रतीत ठीक होतं. अंतरपाटाच्या क्लिपमधली शेवटची १९ सेकंदं कुठंच नव्हती.

तिसऱ्या दिवशी मुलीच्या वडिलांना जाऊन सांगितलं. काय झालं ते समजावून सांगायला लागलो, रॅम, बिट. त्यांनी मधेच थांबवलं. "म्हंजे हसलेली न्हाई?" मी नाही म्हणालो. त्यांनी उरलेले पैसे पाकिटात घालून ठेवले होते, ते माझ्या हातात दिले. मी घेतले नाहीत. ते त्यांनी टेबलावर ठेवले आणि आत गेले.

तेवढ्यात मुलीच्या आत्या मोबाइल घेऊन आल्या. त्यांनी बाजूनं काढलेला व्हिडिओ, व्हॉट्सॲपनं पिळून काढलेला, कुणाच्या तरी खांद्यानं अर्धा झाकलेला. पाट खाली येतो, आत्यांचीच किंकाळी ऐकू येते, अक्षता लेन्सवर आपटतात, आणि खांद्यापलीकडं मुलगी हसते. फिल्ममध्ये आज तेच दृश्य आहे.

पितृपक्षात पुन्हा

त्याच वर्षी पितृपक्षात, हाताशी एकही काम नसताना, मी ओव्हरक्लॉकिंग पुन्हा केलं. "पितृपक्षात नवं काही सुरू करू नये," आई म्हणाली. म्हटलं, जुनंच आहे, अर्धवट राहिलेलं.

पहिल्यांदा कामाच्या हार्ड डिस्कची केबल काढून ठेवली. कसोटी चालू असताना मशीन काय वाटेल ते लिहू दे, लिहायला जागाच ठेवायची नाही. रॅम २१३३ वरच. व्होल्टेजची वरची रेघ आधी आखली, १.३५, चिपला वर्षानुवर्षं वापरायचं असेल तर त्यावर जायचं नाही. मग गुणक एकेक पायरी वर. प्रत्येक पायरीला अर्धा तास प्राइम९५, आणि एकाही कामगारानं तक्रार केली की मागं. व्हीआरएमवर वारा पडेल असा छोटा पंखा तारेनं बांधला. ३.७ वर अडखळली, ३.६ वर रात्रभर, बारा तास, एकही चूक नाही. मग प्रोसेसर तिथं बांधून रॅम वेगळी हलवली: २६६६, मेमटेस्टच्या चार फेऱ्या. पुढच्या वर्षी मे लागताच सगळ्या कसोट्या पुन्हा घेतल्या, कारण सप्टेंबरमध्ये पास झालेली मशीन मे महिन्यात पास असेलच असं नाही. कंपनीची वॉरंटी ओव्हरक्लॉकिंगच्या नुकसानीला लागू होत नाही, हे समजून उमजून.

या सगळ्याला तीन दिवस गेले. मिळालं काय? पाच तासांच्या रेंडरमागं चाळीस मिनिटं. लग्नसराईच्या महिन्यात ती खरंच उपयोगी पडतात.

कार्डांची वाटी अजून टेबलावर आहे. आता प्रत्येक प्रत थेट कार्डावरून होते, दोन्ही प्रतींचे ठसे कार्डाशी ताडले जातात, आणि यादीतली शेवटची ओळ जुळेपर्यंत वाटीवर ताटली उपडी असते. पहाटे मावसभाऊ येतो, गाडी चालूच असते. कॉपी झाली का, असं तो विचारत नाही.

"दादा, जुळलं का?"